सोलापुरातून घरबसल्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यास वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातील शेजारी, लग्नकार्यांत भेटणारे नातेवाईक, अभियांत्रिकीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांचे पालक आणि बाजारातील ओळखीचे व्यापारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी पुण्यातील एका कंपनीसाठी सोलापुरातील घरून काम करतो. विक्री, बिले आणि परत आलेला माल यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली हे आमचे काम असून कंपनीचे बहुतेक ग्राहक अमेरिकेत आहेत. मोबाइलवरील खेळ किंवा यंत्रांच्या आतील सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा दिवस याहून वेगळा असतो.

आपण दिवसभर नेमके काय काम करता?

टाइप करण्यात सर्वांत कमी वेळ जातो. बराचसा वेळ दुसऱ्यांनी पूर्वी लिहिलेला कोड वाचण्यात जातो आणि त्याखालोखाल, एखाद्या परिस्थितीत प्रणालीने काय करावे हे कोणीच ठरवलेले नाही असे लक्षात आल्यावर ते संबंधितांकडून ठरवून घेण्यात जातो. हा दुसरा भाग बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो, म्हणून एक उदाहरण देतो.

समजा, एका दुकानात प्रत्येकी ३०० रुपयांच्या टॉवेलवर ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ अशी योजना आहे. गिऱ्हाईक ६०० रुपये देऊन तीन टॉवेल नेते आणि दुसऱ्या दिवशी एक परत आणते. त्याला किती रुपये परत द्यायचे? छापील किंमत ३०० आहे म्हणून ३०० द्यावेत, असे एक जण म्हणेल. प्रत्यक्षात प्रत्येक टॉवेल २०० रुपयांना पडला, म्हणून २०० द्यावेत, असे दुसरा म्हणेल. तिसरा म्हणेल की टॉवेल दोनच राहिल्याने योजना लागू होत नाही आणि दोन टॉवेलचे ६०० रुपये होतातच, त्यामुळे काहीच परत देणे लागत नाही. तिन्ही उत्तरांना आधार आहे. दुकानदार गिऱ्हाइकाची ओळख आणि त्या दिवसाची विक्री पाहून क्षणात निर्णय घेतो, आणि पुढच्या वेळी वेगळा निर्णय घेतला तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. संगणकाला मात्र नियम आधी सांगून ठेवावा लागतो.

प्रश्न येथेही संपत नाही. २०० रुपयांचा नियम ठरवला आणि त्याच गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी आणखी एक टॉवेल परत केला, तर ३०० रुपयांचा उरलेला टॉवेल त्याला २०० रुपयांत मिळतो. म्हणजे तीन नेऊन दोन परत आणण्याची युक्ती कोणालाही करता येईल. ‘योजना रद्द’ हा नियम ठरवला, तर पहिल्या टॉवेलला काहीच परत मिळत नाही आणि दुसऱ्याला ३०० मिळतात, आणि हे काउंटरवर समजावून सांगता सांगता नोकराची दमछाक होते. यांपैकी काय पत्करायचे हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही, मालकाचा आहे. पण हा प्रश्न त्याच्यासमोर वेळेत आणून ठेवणे हे माझे काम आहे. निर्णय झाल्यावर लिहायच्या ओळी जेमतेम दहा-पंधरा असतात.

पण आपण तर तासन्‌तास पडद्याकडे नुसते पाहत बसलेले दिसता. आज सुट्टी का ओ?

सुट्टी नसते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालू आहे की बंद, हे रस्त्याने जातानाही ऐकू येते आणि संध्याकाळी किती कापड निघाले ते मोजता येते. या शहराला कामाची तीच ओळख आहे, त्यामुळे आवाज न करता बसलेला माणूस रिकामा वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या वरिष्ठांनाही हा प्रश्न पडतोच, फरक इतकाच की ते तो आलेख काढून विचारतात. लिहिलेल्या ओळी मोजून काम ठरवण्याचे प्रयत्न या व्यवसायात अनेकदा झाले, पण ज्या दिवशी मी दोनशे ओळी खोडून तेच काम वीस ओळींत बसवतो तो दिवस त्या हिशेबात तोट्याचा ठरतो.

आपले काम संध्याकाळी का सुरू होते, आणि मार्चमध्ये जेवणाची वेळ का बदलते?

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी होतो. आपण घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा असे काही दिवस येतात की अमेरिका आणि लंडन यांपैकी एकीकडचे सहकारी सरकलेले असतात, दुसरीकडचे नसतात, आणि तिघांची मीटिंग कोणाच्या घड्याळाने धरायची यावर मीटिंगपेक्षा अधिक पत्रव्यवहार होतो.

घरच्यांना हे समजावणे तुलनेने सोपे असते. प्रणालीला समजावणे अवघड असते, कारण सर्व्हरवरील वेळ सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदवतात आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत. रात्री दोन वाजता सोलापुरात घडलेल्या गोष्टीची नोंद तेथे आदल्या दिवसाच्या रात्री साडेआठ अशी होते. हा अर्धा तास अनेक परदेशी सहकाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. वेळेतील फरक पूर्ण तासांचाच असतो असे गृहीत धरून लिहिलेला कोड आजही अधूनमधून वाचायला मिळतो.

एखादी चूक शोधता तरी कशी?

प्रथम ती चूक पुन्हा घडवून पाहावी लागते; जी पुन्हा घडत नाही ती दुरुस्त झाली की नाही हेही कळत नाही. वर सांगितलेल्या साडेपाच तासांचाच नमुना घेऊ. तक्रार अशी येते की काही बिले आदल्या दिवसाच्या हिशेबात जातात, पण सगळी नाही. दिवसा कितीही प्रयत्न केला तरी सर्व काही ठीक दिसते. मग बिघडलेल्या बिलांच्या वेळा एका खाली एक मांडल्यावर दिसते की सर्व बिले रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतील आहेत, आणि तेवढे दिसल्यावर शोध जवळजवळ संपतो: तारीख काढताना कोणीतरी यूटीसीची वेळ भारतीय वेळेत आणायची विसरले आहे. एरवी ही चूक किरकोळ वाटेल, पण १ एप्रिलच्या पहाटे केलेले बिल ३१ मार्चला गेले की ते मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडते, आणि तक्रार मग सनदी लेखापालांकडून येते.

नमुना दिसला नाही, तर दुसरी रीत वापरतात. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद गिट या साधनात राहते. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले आणि आज जवळपास सर्वत्र तेच वापरतात. महिन्यापूर्वी चूक नव्हती आणि आज आहे, मधल्या काळात एक हजार बदल झाले, एवढे ठाऊक असले की बरोबर मधला बदल घेऊन तपासायचे. तेथे चूक असेल तर ती आधीच्या निम्म्यात शिरली, नसेल तर नंतरच्या निम्म्यात. दरवेळी निम्मे बदल बाद होत गेल्याने सुमारे दहा तपासण्यांत नेमका बदल हाती लागतो. तो बदल कोणी केला तेही तेथेच लिहिलेले असते. सभ्य टीममध्ये त्याचा उच्चार होत नाही.

वीज गेली किंवा नळाला पाणी आले तर काय करता?

विजेसाठी इन्व्हर्टर आहे आणि तो लॅपटॉपपेक्षा राउटरसाठी अधिक उपयोगी पडतो, कारण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा लॅपटॉपही तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अशा दिवसांत जड कामे पहाटे किंवा रात्री उरकलेली बरी.

पाणी काही दिवसांआड येते आणि त्याची वेळ मीटिंग पाहून ठरत नाही. मोटार सुरू करण्यासाठी ‘एक मिनिट’ म्हणून उठावे लागते, हे पुण्याच्या सहकाऱ्यांना समजते. अमेरिकेतील सहकाऱ्यांना एकदा सविस्तर सांगून ठेवावे आणि पुढे काही बोलू नये, असे माझे मत झाले आहे.

गड्ड्याच्या यात्रेत सुट्टी मिळते का?

कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत सिद्धेश्वरांची यात्रा नाही, त्यामुळे हक्काच्या रजेतून सुट्टी घ्यावी लागते. अडचण अशी की नाताळाच्या सुट्ट्या संपवून अमेरिकेतील मंडळी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या उत्साहाने कामाला लागतात, आणि नेमकी तेव्हाच संक्रांतीच्या सुमारास येथे सात नंदीध्वज निघतात. मी यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दिवसाची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. घरात ज्यांनी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालायचे असते त्यांचा दिवस हा सोहळा होतो त्या संमती कट्ट्यावर जातो आणि त्या दिवशी शहरात वाहन घेऊन कोठे पोहोचण्याची आशा बाळगण्यात अर्थ नसतो, तेव्हा रजा न मिळाली तरी काम फारसे होत नाही.

पुण्याला राहायला का गेला नाहीत?

गेलो होतो आणि परत आलो. सोलापूरची निम्मी तरुण पिढी हडपसर, खराडी आणि हिंजवडीत आहे असे आपल्याकडे गमतीने म्हणतात, आणि रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी पाहिल्यावर ती गंमत वाटत नाही. परतण्याची कारणे साधी होती: आईवडिलांचे वय, स्वतःचे घर आणि कार्यालयात जाण्यायेण्यात न जाणारा वेळ. महिन्यातून कधी कार्यालयात जावे लागले, तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे.

तरीही नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलांनी घरून काम करण्याचा हट्ट धरू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. या व्यवसायातील अर्धे शिक्षण शेजारच्या टेबलावरील अनुभवी माणूस अडचणीत सापडल्यावर प्रथम काय उघडून पाहतो, कोणाला विचारतो आणि केव्हा हात टेकतो, हे पाहून होते. व्हिडिओ कॉलवर माणूस तयार झालेले उत्तर घेऊन येतो, त्याचे चाचपडणे तेथे दिसत नाही. पहिली काही वर्षे बाहेर काढावीत, मग हवे तर सोलापुरात यावे. एकटेपणा मात्र येथे आल्यावरही राहतोच: ज्यांच्याशी कामाविषयी बोलता येईल अशी माणसे शहरात आहेत, पण ती आपापल्या घरांत दार लावून बसलेली आहेत.

संगणकाला अजूनही मराठी नीट का जमत नाही?

संगणकाला जमते, प्रणाली लिहिणाऱ्यांनी ते लक्षात घेतलेले नसते. सर्व लिप्यांतील चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. तरीही रोजच्या व्यवहारात अडचणी येतात, कारण बहुतेक प्रणाली रोमन लिपी समोर ठेवून आखलेल्या असतात.

सर्वांत साधी अडचण जागेची आहे. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट (संगणकातील साठवणीचे लहान माप) लागतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. ‘सोलापूर’ या शब्दात काना, मात्रा, उकार धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट झाले. नावासाठी कोणी पन्नास बाइटची जागा ठेवली असेल, तर तीत मराठीची सोळाच चिन्हे मावतात. मल्लिकार्जुन या एकट्या नावाला बारा लागतात. त्यापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिण्याची आपली पद्धत त्या रकान्यात कशी बसणार? साध्या एसएमएसचेही तसेच आहे: इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत ७० चिन्हे, आणि म्हणून पुष्कळ संस्था खर्च वाचवण्यासाठी मराठी ग्राहकांना इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत संदेश पाठवतात.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो: एकदा त्यासाठी असलेल्या स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, आणि एकदा नेहमीच्या ‘र’ला हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. संगणकासाठी ती दोन वेगळी आडनावे आहेत. एका कारकुनाने पहिल्या रीतीने नोंदवलेले नाव दुसऱ्या कारकुनाने दुसऱ्या रीतीने शोधले की ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर येते आणि समोरचा माणूस ओळखपत्र हातात धरून उभा असतो. ‘ॲ’ या अक्षराचेही असेच दोन अवतार प्रचलित आहेत. नोंद साठवतानाच दोन्ही रूपे एक करून ठेवणे हा यावरचा उपाय आहे आणि तो अवघड नाही. पण तो लिहिणाऱ्याला मराठी वाचता आली पाहिजे.

क्रमवारीविषयी एवढेच सांगतो की युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो आणि आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. केवळ क्रमांकांवर विसंबून यादी लावली, तर काळे हे काशीद यांच्या आधी येतात. शाळेत शिकवलेल्या क्रमाने काशीद आधी यायला हवेत.

सोलापुरात यावर आणखी एक थर चढतो. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांतील नावे एकाच यादीत असतात आणि प्रत्येक भाषेची रोमन लिपीत लिहिण्याची सवय वेगळी असते. तेलुगू घरांत ‘त’साठी टी आणि एच ही दोन्ही अक्षरे लिहितात. ते नाव इंग्रजीवरून यंत्राने पुन्हा मराठीत आणले की स्वातीची ‘स्वाथी’ आणि लताची ‘लथा’ होते. पुढे ही चूक एका कागदावरून दुसऱ्यावर जाते आणि शेवटी शपथपत्राने मिटवावी लागते. ‘मूळ नाव देवनागरीत माणसाकडूनच भरून घ्यावे’ असा आग्रह मी जेथे जेथे धरता येतो तेथे धरतो.

चादरींचे जॅकार्ड माग हे पहिले संगणक होते, हे खरे आहे का?

हे वाक्य सोलापुरात ऐकायला फार आवडते, म्हणूनच थोडे जपून घ्यावे. फ्रान्समधील लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोकांच्या कार्डांवर चालणारी रचना सिद्ध केली. कार्डाला भोक आहे की नाही यावर ताण्याचा कोणता धागा वर उचलायचा हे ठरते, आणि ओवलेल्या कार्डांच्या माळेतून चादरीवरची नक्षी उतरते. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी ही कार्डे घ्यायचे ठरवले होते, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोकांची कार्डे वापरली. इतके नाते खरे आहे. परंतु माग कार्डांचा क्रम मुकाट्याने पाळतो. ‘धागा तुटला असेल तर अमुक कर, नसेल तर तमुक कर’ असे कार्डावर लिहिता येत नाही. टॉवेल परत आल्यास काय करायचे, हा प्रश्न मागासमोर कधीच येत नाही.

एआय आल्यावर आपली नोकरी राहील का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न प्रत्येक लग्नात विचारला जातो. मी ही साधने रोज वापरतो. अनोळखी कोडचा अर्थ लावणे, तपासण्या लिहिणे आणि कंटाळवाणे बदल करणे यांत ती उत्तम मदत करतात. टॉवेलचा प्रश्न त्यांना दिला, तर न विचारताच तिन्हींपैकी एक उत्तर निवडून ती सुबक कोड लिहून देतात आणि निवड झाली होती हे वाचणाऱ्याच्या सहज लक्षातही येत नाही. त्यामुळे माझे टाइप करणे घटले आणि वाचणे वाढले. माझी चिंता स्वतःपेक्षा नवशिक्यांविषयी अधिक आहे. पूर्वी ज्या लहानसहान कामांवर त्यांचा हात बसत असे तीच कामे आता यंत्राकडे जातात, आणि ती न करता अनुभवी कसे व्हायचे याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणाकडून मिळालेले नाही.

मुलाने कोणत्या महाविद्यालयात, कोणती शाखा घ्यावी?

शहरात वालचंद आणि ऑर्किडसारखी महाविद्यालये आहेत, केगावला विद्यापीठ आहे; शाखेच्या नावातील चमकदार शब्दांना मी फार महत्त्व देणार नाही. मराठी माध्यमाची मुले या कामात मागे पडत नाहीत. इंग्रजी बोलण्याची भीती काही महिन्यांत जाते. इंग्रजी वाचायचा कंटाळा मात्र वर्षानुवर्षे नडतो, कारण या व्यवसायातील सर्व माहितीपत्रके इंग्रजीत असतात.

पगार किती?

घर चालते.

सतत बसून डोळे आणि पाठ दुखत नाही का?

दुखते. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असे डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. पाठीसाठी रोज संध्याकाळी मीटिंगपूर्वी विजापूर रस्त्यावरच्या धर्मवीर संभाजी तलावापर्यंत चालून येतो. जुनी माणसे त्याला अजून कंबर तलावच म्हणतात.

आमच्या दुकानासाठी एखादे सॉफ्टवेअर करून द्याल का?

बहुतेकांना मी ‘बाजारात तयार मिळते ते घ्या’ असे सांगतो आणि त्यात टाळाटाळ नसते. सॉफ्टवेअर करून देणे हा लहान खर्च आहे. कराचे दर बदलल्यावर, प्रिंटर बदलल्यावर, दुकानात नवा भागीदार आल्यावर ते सांभाळणे हा मोठा खर्च आहे, आणि एकट्या माणसाने करून दिलेले सॉफ्टवेअर तो माणूस आजारी पडला की पोरके होते. तयार प्रणालीत आपला व्यवहार खरोखरच बसत नसेल, तर अवश्य या. येताना मागच्या महिन्याची सर्व बिले, खोडाखोड केलेलीसुद्धा, सोबत आणा. उधारीची वही आणा. आणि मालक स्वतः आले नाहीत तरी चालेल, पण काउंटरवर बसून प्रत्यक्ष बिले करणाऱ्या मुनीमजींना दुपारच्या मोकळ्या वेळेत तासभर पाठवा, कारण परत आलेल्या मालाचे पुढे काय होते ते त्यांनाच ठाऊक असते.